जरा मोडकंतोडकं बोला

डोना-सान जपानी टेलिव्हिजनवर किती वेळा मेल्या आहेत, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. नवऱ्याने त्यांना जिन्यावरून ढकललंय, भाच्याने सूपमध्ये विष घातलंय, एकदा पाळलेल्या अस्वलाने फाडलंय. त्यांची तक्रार आहे ती फक्त अस्वलाबद्दल. त्या कातड्याच्या आत जो मुलगा होता, त्याने जेवणात भरपूर लसूण खाल्ला होता म्हणे.

मी त्यांची मॅनेजर. हा शब्द ऐकून पुण्याच्या मावशीला वाटतं की मी काळा चष्मा लावून करारांवर सह्या करते. प्रत्यक्षात मी परदेशी कलाकार पुरवणाऱ्या टोकियोतल्या एका छोट्या एजन्सीत काम करते. कुणाला कुठल्या स्टेशनच्या कुठल्या दाराशी भेटायचं ते कळवायचं, सगळ्यांना गाडीत बसवायचं, दिग्दर्शकाचं जपानी बोलणं कलाकारांना आणि कलाकारांचं इंग्रजी दिग्दर्शकाला सांगायचं, आणि शॉट सुरू झाला की चार-पाच जणांचे कोट हातावर घेऊन कॅमेऱ्याच्या मागे गप्प उभं राहायचं. यातलं गप्प उभं राहणं मला सगळ्यात अवघड गेलं.

कारण माझे बाबा पिंपरीत कंत्राटी कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'कामगार बंधूंनो आणि भगिनींनो' या ओळीवर. लग्नानंतर निखिलला टोकियोतल्या तोयोसूत नोकरी लागली आणि मी 'अवलंबून असलेली व्यक्ती' अशा अर्थाच्या व्हिसावर शेजारच्या इचिकावात राहायला आले. त्या शब्दाचा मला इतका राग आला की त्या रागातच मी जपानी शिकले.

आमच्या कलाकारांचं मुख्य काम म्हणजे 'साइगेन'. परदेशात खरोखर घडलेले खून, अपघात, चमत्कारिक आजार, हरवलेली मुलं पुन्हा मिळणं, असे प्रसंग इथे स्टुडिओत किंवा एखाद्या बंद पडलेल्या इस्पितळात नव्याने घडवून दाखवतात. पात्रं परदेशी, म्हणून कलाकार परदेशी. पण ते जे बोलतात ते प्रेक्षकांना ऐकायचंच नसतं. नंतर जपानी आवाजाचे कलाकार त्यावर जपानी संवाद चढवतात. मूळ आवाज पुसला तरी जातो, नाहीतर खाली कुठेतरी पुटपुटत राहतो. त्यामुळे पटकथेत अशा पात्रांचे संवाद नसतातच. नुसतं लिहिलेलं असतं: रागाने काहीतरी बोलते. रडत काहीतरी बोलतो. ओठ हलले की झालं.

मग ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. टेक्ससचा पोलीस होणारे आमचे एक बल्गेरियन गृहस्थ खुन्याला दम भरताना बल्गेरियनमध्ये मुळ्याच्या कोशिंबिरीची कृती सांगतात. एकदा डॉक्टरचं काम करणारी नेपाळी मुलगी तापाने आली नाही, तेव्हा पांढरा कोट माझ्या अंगावर चढवला. "पेशंटचा रक्तदाब घसरतोय, घाईने काहीतरी बोला," दिग्दर्शक म्हणाले. मला घाईत एकच गोष्ट पाठ येते. मी पेशंटवर वाकून ओरडले, "समान कामाला समान वेतन मिळालंच पाहिजे! ठेकेदारी बंद करा!" दिग्दर्शक खूश झाले. चेहऱ्यावर खरी तळमळ दिसली म्हणाले.

कार्यक्रम लागून गेल्यावर दिवाळीच्या स्नेहसंमेलनात तोयोसूच्या एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काय गं मुक्ता, ते जपानी सुरू व्हायच्या आधी तू काय म्हणालीस? आमचे हे म्हणतात, ठेकेदारी बंद करा."

"बरोबर ऐकलं त्यांनी."

"अगं बाई! आणि तो पेशंट वाचला का?"

पेशंट वाचला. ठेकेदारी चालू आहे. मीसुद्धा ठेकेदारीवरच आहे.

डोना-सान मात्र असं काही बोलत नसत. त्या प्रसंग वाचून घरी आपले संवाद स्वतः तयार करत आणि कॅमेऱ्यासमोर तेच इंग्रजीत म्हणत. ते पुसले जाणार हे ठाऊक असताना. मी एकदा विचारलं, "एवढं कशाला करता?"

"मुळ्याची कोशिंबीर सांगितली तर चेहऱ्यावर मुळाच येतो," त्या म्हणाल्या. "बघ कधी त्या पोलिसाकडे नीट."

मी बघितलं. खरं होतं.

त्या मूळच्या नेब्रास्काच्या. तरुणपणी लॉस एंजेलिसला गेल्या. एका इस्पितळाच्या मालिकेत त्या बराच काळ स्वागतकक्षात बसत. "डॉक्टर आत आहेत" आणि "डॉक्टर आत्ताच बाहेर गेले" ही त्यांची दोन वाक्यं. शिवाय तीन चित्रपट. पहिल्यात त्या नायिकेच्या बहिणीची मैत्रीण, दुसऱ्यात गर्दीतल्या बाई, आणि तिसऱ्यातला त्यांचा प्रसंग कापला गेला, तरी एका कोपऱ्यात त्यांचं कोपर शिल्लक आहे. तो चित्रपट त्या 'माझ्या कोपराचा' म्हणूनच सांगतात. नंतर शाम्पूच्या जाहिरातीसाठी टोकियोला आल्या. केस त्यांचे आणि आवाज एका जपानी गायिकेचा, अशी ती जाहिरात होती. त्या सेटवर दिवे लावणाऱ्या केंजी-सानशी त्यांनी लग्न केलं आणि इचिकावातच राहिल्या. केंजी-सान आता नाहीत.

जपानी त्या नवऱ्याकडून आणि त्याच्या दिवेवाल्या मित्रांकडून शिकल्या. त्यामुळे त्यांची भाषा पुस्तकातली नाही. शिडीवर चढलेल्या माणसाला खालून हाक मारायची ती भाषा आहे. मोकळी, जलद, थोडी रांगडी, आणि वय झाल्यावर वरून सभ्यतेचा एक हात फिरवलेली. भाजीवाला त्यांच्याशी भाव करताना त्यांच्याकडे बघत नाही. बघितलं की गोंधळतो.

आमचं जमलं ते कुजूकुरीच्या किनाऱ्यावर. ऐन फेब्रुवारीत तिथे कॅलिफोर्नियाचा उन्हाळा घडवायचा होता. कलाकार बिनबाह्यांच्या कपड्यांत, वारा बोचरा, आणि बोलताना तोंडातून वाफ निघाली की उन्हाळा खोटा पडतो. त्यावर या धंद्यातला उपाय असा की शॉटच्या आधी तोंडात बर्फ धरायचा. तोंड आतून गार पडतं आणि वाफ दिसत नाही. मी हे पहिल्यांदाच बघत होते. माझ्यातले बाबा जागे झाले. मी सहायक दिग्दर्शकाला सांगितलं की दोन शॉट्सच्या मध्ये सगळ्यांना गाडीत बसवून हीटर लावल्याशिवाय पुढचा शॉट होणार नाही. बरीच बाचाबाची झाली, पण हीटर लागला.

गाडीत डोना-सान माझ्या शेजारी येऊन बसल्या. गालात बर्फ तसाच होता. "हीटर मिळवलास, छान झालं," त्या म्हणाल्या. "पण शॉटच्या आधी भांडलीस. दिग्दर्शक रुसलाय. आता तो दोन शॉट जास्त घेईल."

त्याने तीन घेतले. एजन्सीच्या मालकीणबाईंनी मला संध्याकाळी बोलावून समज दिली. तरी त्यानंतर आमच्या करारात हिवाळ्यात गाडी आणि हीटर असं छापून येतं, आणि त्या ओळीचा मला अभिमान आहे.

गेल्या वर्षी एका चॅनेलच्या दोन तासांच्या नाटकासाठी डोना-सानना विचारणा झाली. साइगेन नव्हे, खरंखुरं नाटक. चिबातली एक जुनी सरकारी वसाहत पाडायची ठरते आणि तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुसरीकडे हलवायचं असतं. त्यांत एक अमेरिकन विधवा असते, आयुष्यभर तिथेच राहिलेली. तिचे संवाद जपानीत होते आणि ते नटीने स्वतःच्या आवाजात बोलायचे होते. मी डोना-सानना फोनवर हे सगळं सांगितलं.

"माझाच आवाज?"

"हो. मी विचारून घेतलंय."

"पुन्हा विचार."

मी निर्मात्यांना पुन्हा विचारलं. मिझुतानी-सान असं त्यांचं नाव, चाळिशीतले, नीटनेटके, कधीही आवाज न चढवणारे. ते म्हणाले, अर्थातच त्यांचाच आवाज. मी तसं कळवलं. डोना-साननी फोन बाजूला ठेवला. केंजी-सानच्या फोटोपुढे असते ती छोटी घंटा वाजल्याचं मला ऐकू आलं. मग परत येऊन त्या म्हणाल्या, "हो सांग."

इथे काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. ही बाई अर्धं आयुष्य जपानी घराघरांत दिसली होती. रस्त्यात लोक तिला ओळखत, 'अस्वलवाल्या बाई' म्हणून वाकून नमस्कार करत. पण तिचा आवाज टेलिव्हिजनवर कुणी कधी धड ऐकला नव्हता. वय बघता असं काम पुन्हा येणार नव्हतं.

चित्रीकरण त्सुकुबाजवळच्या एका रिकाम्या संशोधन संस्थेत होतं. तिचाच एक मजला नगरपालिकेचं कार्यालय म्हणून सजवला होता. विधवा तिथल्या कारकुनाला सांगते, तो प्रसंग. तालमीत डोना-सान टेबलावर हात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "हे घर माझ्या नवऱ्याने निवडलं होतं. मी सोडणार नाही असं म्हणत नाही. पण मी कुठे राहायचं ते मला विचारून ठरवा." कारकुनाचं काम करणारा नट स्वतःचं वाक्य विसरला. तालीम संपल्यावर त्याने माफी मागितली.

तेवढ्यात मिझुतानी-सान माझ्याजवळ आले. मान एका बाजूला कलली होती आणि दातांतून हवा आत ओढल्याचा बारीक आवाज येत होता. इथे काम करणाऱ्यांना हा आवाज ओळखता येतो. नकार यायच्या आधी तो येतो.

"मुक्ता-सान, डोना-सानचं जपानी फार छान आहे," ते म्हणाले.

"धन्यवाद."

"फारच छान आहे. म्हणूनच जरा... प्रेक्षकांना वाटेल, की आवाज डब केलाय."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. टेलिव्हिजनवरचा परदेशी माणूस स्वच्छ जपानी बोलला की तो आवाज दुसऱ्याचा असतो, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. आम्हीच बसवलंय. आता खरा आवाज आला तर तोच खोटा वाटणार होता.

"त्यांनी जरा मोडकंतोडकं बोलावं," ते म्हणाले. "थोडंसंच. म्हणजे त्यांचा स्वतःचा आवाज आहे हे लोकांना पटेल. वाटल्यास दोन्ही प्रकारे घेऊ. एक त्यांच्या पद्धतीने, एक तसं."

"आणि तसं नाही घेतलं तर?"

"तर वरिष्ठांचं म्हणणं पडेल, की सरळ डब करून टाकू. मला तसं नकोय, खरंच."

मला वाटतं, ते खरं बोलत होते. बाबांच्या पत्रकांतले मालक पोट सुटलेले आणि सिगार ओढणारे असत. इतक्या सौम्यपणे अपमान करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते त्यांत दिलेलं नव्हतं. पण एक गोष्ट मला त्यांतूनच कळत होती. दोन पर्याय हातात दिले, की समोरचा स्वतःच्या सोयीचा उचलतो.

मी मेकअपच्या खोलीत गेले आणि डोना-सानना सगळं सांगितलं. वर माझंही सांगितलं. "दोन्ही देऊ नका. एकदा मोडकं दिलंत की तेच लावतील. आपण इथून उठून जाऊ. मी मालकीणबाईंना सांगते. बाकीच्या कलाकारांनाही कळवते. एकानेही असं काम करायचं नाही."

"बस जरा," त्या म्हणाल्या. "माझा कोट तुझ्या मुठीत चुरगळतोय."

मी बसले. त्या आरशात बघत राहिल्या. "तू उठून जाशील तर उद्या दुसऱ्या सेटवर जाशील. मी उठले तर कुठे जाऊ? पुन्हा अस्वलाकडे?"

"म्हणजे मोडकं बोलणार तुम्ही?"

त्यांनी केस सारखे केले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे लिहून ठेवते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मिझुतानी स्वतः म्हणाले का, की कुणाचा निरोप होता?"

"स्वतः म्हणाले."

"बरं." त्या उठल्या आणि सेटवर गेल्या.

सगळे तयार होते. डोना-सान टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि मिझुतानी-सानकडे वळून वाकल्या. दिखाऊ नव्हे, नीट वाकल्या. म्हणाल्या, "मिझुतानी-सान, मला निरोप मिळाला. नट म्हणून माझी काही हरकत नाही. फक्त मोडकं बोलायची मला सवय राहिलेली नाही. तुम्हाला कसं हवंय ते एकदा बोलून दाखवाल का? मी अगदी तसंच म्हणते."

यात टोमणा नव्हता. शिकाऊ नटी दिग्दर्शकाला विचारते तसा तो प्रश्न होता. मिझुतानी-सान पुढे आले, कारण विनंती इतकी रीतसर होती की पुढे न येणं उद्धट दिसलं असतं. त्यांनी घसा साफ केला. सगळ्या युनिटसमोर, डोना-सानकडे बघत ते म्हणाले, "हा घर... मी... नवरा..." आवाज नाकातून, सूर वरखाली, शब्द तुकड्या-तुकड्यांनी. विनोदी कार्यक्रमात परदेशी माणसाची नक्कल करतात ना, अगदी तसं.

कुणी हसलं नाही. डोना-सान लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांचे ओठ किंचित हलत होते, सूर पकडत असल्यासारखे.

"नवरा... निवडला..." मिझुतानी-सान थांबले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वर दिव्यांच्या पट्टीवर कुणीतरी खोकलं.

"पुढे?" डोना-साननी विचारलं.

"मी मर्यादा सोडली," ते म्हणाले. आणि वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग मॉनिटरमागे जाऊन बसले. दिग्दर्शक इतका वेळ पटकथेत डोकं घालून बसले होते. त्यांनी डोकं वर न काढताच सांगितलं, "टेक."

डोना-सान आपल्या भाषेत बोलल्या. एकाच टेकमध्ये झालं. दुसरा प्रकार कुणी मागितला नाही.

परतीच्या गाडीत मी खूश होते. "काय जिरवलीत त्यांची!" मी म्हटलं.

"मी जिरवली नाही. मला खरंच बघायचं होतं, मी त्यांना कशी ऐकू येते ते." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आणि जिंकलो वगैरे म्हणू नकोस. अजून एडिटिंग व्हायचंय."

त्यांचं खरं होतं. आवाज त्यांचाच ठेवला की दुसरा चढवला, हे आम्हाला कुणी कळवलं नाही. मी दोनदा फोन केला. काम चालू आहे, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा करते म्हटल्यावर डोना-साननी मला अडवलं. मिझुतानी-सान आमच्या एजन्सीकडे पुन्हा आले नाहीत. मालकीणबाई मला म्हणाल्या, "मुक्ता-सान, तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नव्हतात ना? तरी काम गेलं." हे त्यांनी कौतुकाने म्हटलं की तक्रारीने, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

नाटक लागलं त्या संध्याकाळी मी डोना-सानच्या घरी होते. शेजारच्या इशिगुरो-सान आल्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, कानाने तिखट, तोंडाने त्याहून. डोना-सानचे सगळे मृत्यू त्यांनी याच खोलीत पाहिलेत. "आज मरणार नाही ना?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. "मला रडायला वेळ नाही, भात लावून आलेय."

डोना-सान हसल्या, पण त्यांचे हात मांडीवर घट्ट एकमेकांत गुंतले होते. त्यांचा पहिला प्रसंग आला. दार उघडलं, विधवा बाहेर आली, तिने तोंड उघडलं.

आवाज त्यांचाच होता.

मी टाळी वाजवणार तोच पडद्याच्या खालच्या कडेला पांढरी अक्षरं उमटली. त्या जे जपानी बोलत होत्या तेच, शब्द न् शब्द, जपानीत लिहून. परदेशी माणसाचं बोलणं लोकांना समजणार नाही म्हणून. बाकी कुणाच्या तोंडाखाली अक्षरं नव्हती, दारात उभ्या कारकुनाच्याही नाही. मी फोन उचलला. कुणाला करणार होते, माहीत नाही.

"ठेव तो," डोना-सान म्हणाल्या. त्या उठल्या, फ्रिजवर लावलेलं नगरपालिकेचं कचऱ्याचं वेळापत्रक काढलं, कुठल्या वारी जळणारा कचरा आणि कुठल्या वारी बाटल्या ते सांगणारं, आणि चिकटपट्टीने टीव्हीच्या खालच्या कडेवर आडवं लावलं. अक्षरं झाकली गेली. त्या परत येऊन बसल्या.

"आता बघा," त्या म्हणाल्या.

पडद्यावर विधवा तिच्या बाल्कनीत आली होती. दोन बाल्कन्यांमधल्या पत्र्याच्या आडोशावर टकटक करून पलीकडे कोण आहे ते न बघताच ती म्हणाली, "आहात का हो? गाजरं जास्त झालीत माझ्याकडे. अर्धी घेता का?"

इशिगुरो-सानची नजर टीव्हीवर होती, हातातला कप तोंडाशी होता.

"घेते की," त्या सवयीने म्हणाल्या. "ठेवा तिथेच, येते मी."